प्रमाण उजेड

२ फेब्रुवारी

प्रिय धाकटी,

तुझी ताई तुला याच नावाने हाक मारीत असे. दुसऱ्या कोणत्या नावाने सुरुवात करावी हे मला सुचले नाही, तरी गैर मानू नये.

घरचा फोन मी काढून टाकला आहे. ज्यांना बातमी कळलेली नाही अशी माणसे अजून फोन करतात आणि 'बाईंना द्या' म्हणतात. त्यांना उत्तर देण्याचा सराव मला होत नाही. तेव्हा यापुढे आपले बोलणे पत्रानेच व्हावे, अशी विनंती आहे. तुझ्या बेटावर टपालाची बोट आठवड्यातून एकदाच येते याची मला कल्पना आहे. मला कसलीही घाई नाही.

लिहिण्याचे कारण मागच्या खोलीतली काचेची टाकी. तू दिलेल्या प्रवाळाच्या फांद्यांपासून तिने जी पाच झुडपे वाढवली, ती आता माझ्याकडे आली आहेत. आजवर माझा त्यांच्याशी संबंध दारातून डोकावण्यापुरता होता. ती तिथे खुर्ची टाकून वाचत बसे आणि मी विचारी, झाली का बाग शिंपून. त्यावर ती म्हणे, कोरडी असती तर शिंपली असती. आमचे त्या खोलीविषयीचे संभाषण बहुधा इथेच संपे.

तिने टाकीवर एकच जुना, निळसर आणि मंद दिवा लावला होता. त्याखाली सारी झुडपे तपकिरी, भिजल्या तागाच्या रंगाची दिसत. तुला ठाऊकच आहे की रंगाच्या कारखान्यात माझे सारे आयुष्य छटा जुळवण्यात गेले. कोणताही रंग वाटेल त्या दिव्याखाली पाहून मत देऊ नये, हा आमच्या प्रयोगशाळेचा पहिला नियम होता. नमुना प्रमाण उजेडात धरायचा, म्हणजे निरभ्र दुपारच्या उजेडाशी जुळवलेल्या दिव्याखाली, आणि मगच तोंड उघडायचे. निवृत्तीच्या वेळी मला जुनी तपासणीपेटी भेट मिळाली होती. तिच्यातले दोन्ही दिवे काढून मी टाकीवर बसवले आहेत. तिची झुडपे त्यांच्या खऱ्या रंगात दिसावीत, एवढाच हेतू आहे. ती स्वतः त्यांना तशी कधी पाहू शकली नाही, याची मात्र खंत वाटते.

टाकीतले पाणी कमी होत जाते. त्यात कोणते पाणी घालावे ते कळवावे.

तुझ्या ताईचे यजमान


१३ फेब्रुवारी

भावोजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी कमरेएवढ्या पाण्यात होते. ओल्या हातांनीच फोडलं, त्यामुळे दोन ओळी पसरल्या. तुम्ही इथे असता तर आधी पंचा पुढे केला असता आणि मग पत्र.

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून वरून घालायचं ते साधं, गाळलेलं पाणी. खारं घालू नका, नाहीतर लोणचं होईल सगळ्यांचं. ताईने काचेवर खूण केलेली असेल, तिथवर भरा. घाईने ओतू नका, ती वाटीने सोडायची.

तुमच्या प्रमाण दिव्यांचं वाचून मला हसू आलं. आधी वाटलं ताईला सांगू, आणि मग हातातलं काम तसंच धरून उभी राहिले. बघा हौसेने. बघून झालं की बंद करत जा म्हणजे झालं.

माझं एक मागणं आहे. त्यातल्या कुठल्याही झुडपाची बोटभर फांदी मोडून मला पाठवाल का? टाकीतल्याच खाऱ्या पाण्याच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत घालून, वर कापड गुंडाळून. वाटेत दोन दिवस टिकते. इथे समुद्रात दोर ताणून आम्ही प्रवाळ वाढवतो, त्यांवर बांधायला हवी आहे. कारण विशेष काही नाही. जमलं तर बघा.

जेवताय ना वेळेवर? 'होय' एवढंच उत्तर चालणार नाही, काय जेवताय तेही लिहा.

धाकटी


३ मार्च

प्रिय धाकटी,

तुझ्या सूचनेप्रमाणे पाणी वाटीने सोडतो. वेळेवर जेवतो. काय जेवतो हे लिहिण्यासारखे नाही.

फांदीविषयी तुला नकार देताना संकोच वाटतो. तिने स्वतःच्या हाताने दगडावर बसवलेली वस्तू तिच्यामागे इतक्या लवकर मोडावी, हे मनाला पटत नाही. वर्ष उलटू दे, मग पाहू. कारण विशेष नाही असे तूच लिहिले आहेस, त्यामुळे तुझी फार अडचण होणार नाही असे धरून चालतो.

आता आनंदाची गोष्ट. हा शब्द मी बऱ्याच दिवसांनी लिहीत आहे. दिवे बसवल्यावर आठवडाभरातच झुडपांमधून तपकिरी धागे सुटू लागले, बुळबुळीत, बोटाएवढे लांब. मी रोज नळीने ते ओढून काढले. इतक्या वर्षांचा मळ साचला होता, आणि तिची प्रकृती पाहता तो तिच्याने निघणे शक्य नव्हते. मळ जसजसा गेला तसतसे खालचे रंग वर आले. आधी टोके गुलाबी झाली. मग मधले मोठे झुडूप जांभळे झाले, काचेजवळचे निळे, आणि मागच्याला असा हिरवा आला की आमच्या कारखान्यात कुणी तो तयार करून आणला असता तर मी त्याला भेसळ म्हणून परत पाठवले असते.

समाचाराला येणारी माणसे पूर्वी बैठकीत बसून घड्याळाकडे पाहत. आता मी त्यांना मागच्या खोलीत नेतो. वरच्या मजल्यावरचे वकील तर रोज काही निमित्त काढून येतात. काल म्हणाले, साहेब, तिकीट लावा, दारावर मी बसतो. मी क्वचितच हसतो, पण काल हसलो. ते गेल्यावर तिच्या खुर्चीवर थोडा वेळ बसलो. इतकी वर्षे ही संपत्ती तिच्यासमोर होती आणि ती तपकिरी अंधारात वाचत राहिली. मी एकदा उठून दिवा बदलून दिला असता तर तिलाही हे दिसले असते.

तुझ्या ताईचे यजमान


११ मार्च

भावोजी,

रंगांचं वाचलं. तुम्ही इतकं मोठं पत्र पहिल्यांदाच लिहिलंत.

दिवे दिवसभर चालू असतात की काय, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मला आपली काळजी वाटते की त्यांच्यामुळे पाणी तापत असेल. तापलेलं पाणी यांना सोसत नाही. तेव्हा ते दोन्ही दिवे उतरवून ताईचा जुना दिवा पुन्हा लावाल का? रंग थोडे उतरतील, त्याचं मनावर घेऊ नका. वकिलांना म्हणावं, खेळ संपला, पुढच्या महिन्यात या.

एवढं माझं ऐकाच. परतीच्या बोटीने दोन ओळी टाका.

धाकटी


२७ मार्च

प्रिय धाकटी,

तुझी सूचना अत्यंत योग्य होती. पाण्याच्या तापमानाचा विचार मी केला नव्हता, आणि रसायनशास्त्राचा पदवीधर म्हणून त्याची मला लाज वाटली. पत्र मिळताच प्रयोगशाळेतला तापमापक टाकीत सोडला. पाणी खरोखरच अपेक्षेपेक्षा गरम होते. त्यावर उपाय म्हणून टाकीच्या कडेला छोटा पंखा बसवला आहे. आता सकाळ, दुपार, संध्याकाळ केव्हाही मोजले तरी पाणी तिच्या काळी असे तितकेच असते. दोष उष्णतेचा होता आणि तो दूर झाला. त्यामुळे दिवे उतरवण्याचे कारण उरलेले नाही. ते मी सकाळी उठल्याबरोबर लावतो आणि झोपताना मालवतो.

रंग आता असे आहेत की छटापत्रिकेत त्यांना जोड नाही. मधल्या झुडपाचा जांभळा मी जुळवण्याचा प्रयत्न केला. माझ्याजवळ जुनी रंगद्रव्ये थोडी आहेत. तीन दिवस खलबत्ता घेऊन बसलो, आणि शेवटी जमला. सोबतच्या पुठ्ठ्यावर तो लावून पाठवला आहे. खिडकीजवळ धरून पाहा, कंदिलाखाली पाहू नकोस. कारखान्यात नव्या छटेला जुळवणाऱ्याने नाव द्यायची पद्धत होती. मी आजवर एकाही छटेला घरातल्या कुणाचे नाव दिले नाही, ते मला शिष्टसंमत वाटत नसे. या छटेला तिचे दिले आहे. पुठ्ठ्याच्या मागे लिहिले आहे.

तुझ्या ताईचे यजमान


४ एप्रिल

भावोजी,

हे पत्र मिळेल तेव्हा उभे असाल तर उभ्याने, बसला असाल तर उठून, आधी दोन्ही दिवे बंद करा. मग पुढचं वाचा. टपालाच्या बोटीची वाट न बघता हे पत्र मासळीच्या बोटीवरच्या माणसाकडे दिलं आहे.

पाणी तापतं हे मी खोटं नव्हतं लिहिलं, पण खरं कारण ते नव्हतं. तुमचं आधीचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. तुम्ही इतक्या दिवसांनी हसलात असं लिहिलं होतं, आणि माझ्याने ते मोडवेना. वाटलं, काहीतरी निमित्त सांगून दिवे उतरवले की काम होईल, तुम्हाला कळायचंही नाही. तुम्ही निमित्ताचा बंदोबस्त करून टाकाल हे मला कळायला हवं होतं. इतकी वर्षं ओळखते तुम्हाला.

आता सरळ सांगते. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या अंगात एक बारीक शैवाल राहतं, डोळ्यांना न दिसणारं. तपकिरी रंग त्याचा. ते उजेडावर अन्न करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. घरात भाडेकरू ठेवावा आणि त्यानेच दोन्ही वेळचं रांधावं, तसं. उजेड फार झाला की त्या शैवालाला तो झेपत नाही, त्याच्यातून विषारी द्रव्य तयार व्हायला लागतं, आणि मग प्रवाळ नाइलाजाने त्याला बाहेर काढतो. तुम्ही नळीने जे ओढून काढलंत तो मळ नव्हता. ती त्यांची चूल होती.

शैवाल गेलं की आतला पांढरा सांगाडा उघडा पडतो, आणि उजेड त्यावरून आतल्या आत उलटसुलट आदळत राहतो. तेव्हा प्रवाळ स्वतः रंग करायला लागतो. गुलाबी, जांभळा, निळा. हे रंग म्हणजे छत्री आहे, भावोजी. उपाशीपोटी, उरलंसुरलं अंगातलं खर्च करून धरलेली. खाली सावली झाली तर गेलेलं शैवाल परत राहायला येईल, म्हणून. नुसते पांढरे पडले असते तर आशा आणखी कमी. रंग आले याचा अर्थ ते अजून झटत आहेत. पण उजेड कमी झाला नाही तर किती दिवस झटतील?

ताई मंद दिवा लावायची ते स्वतःच्या डोळ्यांसाठी नव्हे. तपकिरी म्हणजे पोट भरलेलं, हे तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

जुना दिवा लावा, तोही दुपारचे चार तास. पंखा राहू द्या. नळी लावू नका. माझ्याकडच्या बाटलीतलं खाद्य सोबत पाठवते आहे, एक दिवसाआड दोन थेंब.

पुठ्ठा मिळाला. खिडकीजवळ धरून पाहिला.

धाकटी


१५ एप्रिल

प्रिय धाकटी,

पत्र आणणारा माणूस दारात उभा असतानाच दिवे बंद केले. पुढचे त्याच्यासमोर वाचले. त्याला पाणीही विचारायचे राहिले, याबद्दल माझ्या वतीने त्याची क्षमा मागावी.

सांगितलेले सर्व केले आहे. परंतु उशीर झाला होता. निळे झुडूप दुसऱ्याच दिवशी टोकाकडून पांढरे पडत गेले. हिरवे त्याच्यामागे गेले. मधल्या जांभळ्याचा रंग मात्र शेवटपर्यंत उतरला नाही. त्याचे कातडे एका बाजूने फाटून सुटू लागले, तेव्हाही त्याचा उरलेला भाग तितकाच सुंदर होता. मी तिथे बसून होतो. ज्या छटेचा पुठ्ठा मी तुला पाठवला ती ही. कृपा करून तो पुठ्ठा नष्ट करावा.

चौथेही गेल्यात जमा आहे. त्यांच्या सांगाड्यांवर आता तपकिरी थर चढू लागला आहे. पाचवे लहान झुडूप मागच्या कोपऱ्यात, मोठ्याच्या आडोशाला होते. ते फिकट गुलाबी आहे, आणि त्याच्याविषयी मी काही बोलत नाही. बोलण्याची माझी योग्यता उरलेली नाही.

एक प्रश्न विचारतो, तो अप्रस्तुत वाटल्यास सोडून द्यावा. रंग हा पाहणाऱ्यासाठी असतो, अशी माझी धारणा होती. आम्ही दरवाजे रंगवायचो ते येणाऱ्याला दिसावेत म्हणून. फुलांचे रंग माश्या-फुलपाखरांसाठी असतात, हे शाळेत शिकलो. प्रवाळाचा रंग कुणी पाहावा म्हणून नसतोच काय? समुद्रात खोल, जिथे कुणाचे डोळे पोचत नाहीत, तिथेही तो असतो असे तुझ्या ताईकडून एकदा ऐकले होते. तिथे तर कडक ऊन नाही. मग तिथे छत्री कशाला?

हे मी तिला विचारायला हवे होते. ती सांगत होती तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो.

तू मागितलेली बोटभर फांदी मी दिली नाही. दिली असती तर ती तरी आज असती.

तुझ्या ताईचे यजमान


२६ एप्रिल

भावोजी,

प्रश्न अप्रस्तुत नाही. ताईनेही हाच विचारला होता.

खोल पाण्यात ऊन गाळून गाळून फक्त निळा उजेड उरतो. तो प्रवाळाच्या अंगात वरच्या वर संपून जातो, आतल्या शैवालापर्यंत पोचत नाही. म्हणून तिथले प्रवाळ वेगळे रंग करतात. निळा उजेड घ्यायचा आणि त्याचा नारिंगी करून आत सोडायचा. नारिंगी आतवर जातो. उथळ पाण्यात उजेड अडवायचा, खोल पाण्यात तो पोचवायचा. दोन्हीकडे काम एकच, आतल्याला सांभाळायचं. बघणारा असला काय, नसला काय. आपण पाण्यात डोकावतो आणि वा वा करतो, ते आपलं आपण.

आता माझी बाजू. 'कारण विशेष नाही' असं मी लिहिलं होतं. कारण होतं. ज्या मूळ झुडपाच्या फांद्या मी ताईला दिल्या होत्या ते इथे राहिलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि दोरांवरचं सगळं त्याच्यासकट गेलं. ताई तेव्हा बिछान्यात होती, तिला सांगवलं नाही. नंतर तुम्हाला सांगवलं नाही. त्या वाणाचं जे काही जिवंत होतं ते तुमच्या मागच्या खोलीतच होतं. हे मी तेव्हाच लिहिलं असतं तर तुम्ही नको म्हटलं नसतं, हे मला माहीत आहे. दोनदा मी तुमची मर्जी सांभाळली आणि दोन्ही वेळा झुडपं गेली. तेव्हा सगळं स्वतःच्या नावावर लिहून घेऊ नका, थोडं इकडे ठेवा.

पाचव्याबद्दल. शैवाल परत आलं तर बुंध्याकडून तपकिरी झाक चढेल. पण मेलेल्यावर जो थर चढतो तोही तपकिरीच. लांबून सांगता येत नाही, तुमच्यासारख्यालाही नाही, म्हणून डोळ्यांवर जाऊ नका. हात स्वच्छ धुवा, साबण अजिबात नको, आणि बुंध्याला क्षणभर बोट लावा. लव निघून खाली खरखर लागली तर ते गेलं. मऊ ओली कातडी लागली आणि बोटाखाली आक्रसल्यासारखी वाटली, तर आहे.

जे असेल ते कळवा. गोड करून लिहू नका.

धाकटी


९ मे

प्रिय धाकटी,

बुंध्याकडे तपकिरी रंग दिसू लागून आठवडा झाला होता. शेजारच्या मेलेल्या झुडपांवर अगदी तीच छटा आहे. प्रमाण उजेडाखालीही मला त्यांत फरक सांगता आला नसता. तुझे पत्र आले त्याच दिवशी बोट लावायला हवे होते. मी ते केले नाही. पुढे चार दिवस रोज हात धुतले आणि कोरडे केले. जोवर लावले नाही तोवर दोन्ही शक्यता उभ्या होत्या, आणि त्यांतली एक मला हवी होती.

या टाकीत मी कधी हात घातला नव्हता. नळी होती, तापमापक होता, वाटी होती. ती मात्र कोपरापर्यंत हात आत घालून बसे, आणि मग ओल्या हाताने दार उघडी. कडीवर पाणी राही. ते पुसताना मी काही बोललो तर ती म्हणे, वाळेल. ती इस्पितळात असतानाही मी खाटेच्या पायाशी उभा राहून तक्ता वाचत असे. त्यावरच्या नोंदी मला आजही सांगता येतील. तिचा हात शेवटी गरम होता की गार, ते परिचारिकेला माहीत असेल.

आज दुपारी बोट लावले. पाणी मला वाटले होते त्यापेक्षा ऊबदार आहे.

लव निघाली नाही. मऊ लागले, आणि क्षणाने अंग चोरून आत गेले. तो तपकिरी रंग शैवालाचाच आहे. पाचवे झुडूप जिवंत आहे. ते बोटभरच आहे, आणि आता ते तुझे आहे. प्रवासाला केव्हा धडधाकट होईल ते तू ठरवावे. तोवर त्याला मंद दिव्यात ठेवण्याची जबाबदारी माझी.

तू 'क्षणभर' असे स्पष्ट लिहिले होतेस. मी बोट त्याहून बराच जास्त वेळ ठेवले. ते काढून घ्यायला हवे हे कळत होते, तरी काढवले नाही. त्यामुळे काही अपाय झाला असल्यास तो माझा अपराध समजावा.

तुझ्या ताईचे यजमान